पोह्यात पीस, बोटाला मॅराबू: फ्लाय बांधतानाचं स्टॅटिक आणि पसारा

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या एका फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-केस दोऱ्यानं बांधून केलेलं माशांसाठीचं खोटं आमिष, बांधायचं काम चालतं. दिवाळीनंतर मॅराबूचं, म्हणजे मऊ भुरभुरीत, पीस पाकिटातून काढलं की बोटाला चिकटतं, झटकलं की दुसऱ्या हातावर जाऊन बसतं. हरणाचे केस स्टॅकरमधून, म्हणजे त्यांची टोकं जुळवायच्या नळीतून, खाली उतरतच नाहीत. बारीक लव स्वयंपाकघरापर्यंत पोचते, आणि परवा आईंना पोह्यात, जिरावणाच्या (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याच्या) जोडीला, नारिंगी पीस सापडलं. मोबाइल दुरुस्तीवाले घालतात तो मनगटी पट्टा जेल रोडवरून आणून पाहिला, फरक शून्य. आता सगळं सामान कपड्यांच्या कंडिशनरमध्ये बुडवून काढावं का?

बुडवू नका. निदान सगळं तर नकोच. आणि पट्ट्याला दोष देऊ नका. तो दुसऱ्या रोगावरचं औषध आहे.

तुमचं शरीर, वाइस (गळ पकडून ठेवणारा शिकंजा), कात्री यांच्यातून वीज वाहते. त्यांच्यावर साठलेला चार्ज (हीच स्टॅटिक वीज) वाट मिळाली की जमिनीत उतरतो, आणि पट्टा ती वाट देतो. पीस, केस, पॉलिथिनची पिशवी यांच्यातून वीज वाहत नाही. त्यांच्यावर चार्ज जिथे तयार झाला तिथेच बसून राहतो. मॅराबूचा देठ तुम्ही नळाला टेकवून धरला तरी टोकाकडचे धागे फिसकारलेलेच राहतील. शिवाय चार्ज असलेली वस्तू चार्ज नसलेल्या वस्तूलाही ओढते, फुगा केसांवर घासून भिंतीला लावला की चिकटतो तसं. म्हणजे पट्टा घालून तुम्ही स्वतः अगदी कोरे झालात तरी पीस तुमच्याकडे येणारच. पट्टा वापरायचाच असेल तर खऱ्या पट्ट्यात १ मेगाओमचा रोधक असतो हे बघून घ्या, आणि त्याची उघडी तार प्लगच्या अर्थिंगच्या भोकात स्वतः खुपसू नका. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये त्या भोकात काय येत असेल याचा भरवसा नाही.

मग हातात दोनच मार्ग उरतात. एक, चार्ज मुळात कमी तयार होऊ द्यायचा. दुसरा, पिसाच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा इतका पातळ थर राहू द्यायचा की चार्ज त्यातून हळूहळू ओघळून जाईल. कारखान्यांत आयन सोडणारा पंखा लावतात, पण त्याचा झोत म्हणजे आपल्यासाठी नवा ताप. पीस चिकटायचं थांबेल आणि उडायला लागेल.

आता दिवाळीनंतरच का? इंदूरची हवा खरी कोरडी असते ती मार्च ते मे, दुपारी तर आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. पण तेव्हा अंगात सुती कपडे असतात आणि घरात कूलर पाणी उडवत असतो. हिवाळ्यात हवा मध्यम कोरडी, पण अंगात फ्लीसचं जॅकेट, खुर्चीवर पॉलिएस्टरची शाल, पायाशी हीटर. हीटरचं गणित बघा: १२ अंशांची हवा खिडकी बंद करून २४ अंशांवर नेली, तर हवेतलं पाणी तेवढंच राहतं पण सापेक्ष आर्द्रता निम्म्याहून खाली येते. सकाळी साठ टक्के असलेली खोली हीटरपुढे तिशीच्या खाली जाते, आणि चाळिशीच्या खाली गेलं की पिसं नाचायला लागतात.

म्हणून सगळ्यात आधी एक साधा आर्द्रतामापक घ्या. काहीशे रुपयांना मिळतो, कामाच्या टेबलावर ठेवायचा, हीटरच्या वर नाही. आकडा ४५ ते ५५ च्या मध्ये असेल तर निम्मी कटकट संपते. ६५ च्या वर मात्र नेऊ नका. गळांना गंज धरतो आणि पिसांना बुरशी.

यासाठी लागणारं पाणी ऐकून आश्चर्य वाटेल. १० बाय १२ ची, दहा फूट उंचीची खोली २४ अंशांवर २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर न्यायला हवेत जेमतेम २०० मिलीलिटर पाणी जावं लागतं, म्हणजे पेलाभर. अडचण प्रमाणाची नसते. फटींतून बाहेरची कोरडी हवा आत येत राहते, म्हणून ते पेलाभर पाणी पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. किती वेळा, ते घरावर आहे. दार बंद राहणाऱ्या आतल्या खोलीत एक जाड पंचा पिळून खुर्चीच्या पाठीवर टाकला की दोनेक तास निघतात. सज्जाला लागून असलेल्या हॉलमध्ये चार पंचे टाकूनही आकडा हलत नाही. तिथे खोली ओली करायचा हट्ट सोडून फक्त कामाची जागा ओली ठेवायची. ते पुढे येतंच. बसण्याआधी अर्धा तास फरशी पुसून घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. हवेत ओलावा येतो आणि मागच्या वेळची लवही निघते.

अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर घेणार असाल तर त्यात बोअरिंगचं पाणी घालू नका. ते यंत्र पाण्याची वाफ करत नाही, पाण्याचे सूक्ष्म थेंब उडवतं; थेंबातले क्षार पांढऱ्या पुडीसारखे काळ्या हॅकलवर (कोंबड्याच्या मानेच्या पिसांवर) आणि वाइसवर बसतात. आरओचं पाणी चालेल. उन्हाळ्यात कूलर हाच तुमचा ह्युमिडिफायर, फक्त तो शेजारच्या खोलीत लावा आणि मधलं दार अर्धं उघडं ठेवा. एकाच खोलीत असेल तर कूलरच्या झडपा छताकडे वळवा, पंखा मंद आणि पंप चालू. छताचा पंखा मात्र बंद. मे महिन्यात हे जमणार नाही म्हणाल, तर सकाळी सहा ते आठ बसा. सूर्योदयाच्या सुमाराला आर्द्रता दिवसातली सर्वांत जास्त असते आणि पंख्याची गरज सर्वांत कमी.

चार्ज तयार होतो कुठे, ते बघू. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना लागून सुटल्या की एकीवरून इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. केस, लोकर, नायलॉन हे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्यांत. पॉलिएस्टर, पॉलिथिन, पीव्हीसी हे घेणाऱ्यांत. दोन टोकांच्या वस्तू एकत्र आल्या की चार्ज सर्वांत जास्त. आणि आपण नेमकं काय करतो? सशाची लव पॉलिथिनच्या झिप पिशवीत ठेवतो आणि सर्रकन ओढून काढतो. याहून वाईट जोडी शोधून सापडणार नाही. कागद, सूत, लाकूड, स्टील हे साधारण मधले. म्हणून रोजच्या वापरातलं मॅराबू आणि डबिंग (दोऱ्यावर वळायची लव) खाकी कागदाच्या पाकिटात काढून ठेवा. मूळ पिशवी फक्त साठवणीला. पिशवीतूनच काढायचं असेल तर पिशवी दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडा, पीस देठाकडून चिमट्यानं धरा आणि सावकाश उचला. घासलं कमी की चार्ज कमी.

कपड्यांचं उत्तर सोपं: फ्लीस आणि नायलॉनचं जर्किन काढून ठेवा, थंडी असेल तर आत हवं ते घाला पण वर सुती, पूर्ण बाह्यांचा जाडसर शर्ट. खुर्चीवर रेक्झिन असेल तर त्यावर सुती चादरीची घडी. खाली बसून काम करणाऱ्यांनी सतरंजी घ्यावी, प्लास्टिकची चटई नको. हातांची त्वचा हिवाळ्यात उलते, तिच्या खडबडीत कडांत लव अडकते आणि आपण त्यालाही स्टॅटिक समजतो. रात्री व्हॅसलीन लावा, कामाआधी नाही. तेलकट बोटांनी ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी) बांधली तर डबिंग गुठळतं आणि फ्लायच्या डोक्याला, शेवटच्या गाठीवर, लावलेलं सिमेंट (गाठ पक्की करणारं द्रावण) धरत नाही.

आता टेबल. जेवणाच्या टेबलावर सनमायका किंवा काच असते आणि त्यावर प्लास्टिकचं आवरण. त्यावर कातरण पडलं की पुसायला गेलात तर कापड फिरवून आणखी चार्ज देता. यावर स्वयंपाकघरातली परात हे उत्तम उत्तर आहे, फक्त वेगळी ठेवा, कणकेची नको, नाहीतर पोह्यांनंतर पोळ्यांची पाळी. स्टीलची, चौदा इंची, दोन-अडीच इंच काठाची परात घ्या. तळाशी जुन्या धोतराचा किंवा सुती ओढणीचा तुकडा पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, सुरकुती न ठेवता पसरा. हाताला गार लागावा पण दाबल्यावर पाणी सुटू नये, इतकाच ओला. वाइसचा खांब परातीच्या मागच्या काठापलीकडे आणि जबडा परातीच्या मधोमध येईल असं मांडा. पायाचा वाइस असेल तर पाया परातीतच ठेवता येतो, मग त्याखाली कापड नको. खाली पडलेलं प्रत्येक कातरण ओल्या कापडाला लागून तिथेच बसतं. शिवाय वाइसच्या आसपासच्या वीतभर हवेत ओलावा वाढतो, आणि तुम्हाला खरा हवा तो तिथेच. खोलीचा आकडा ३५ असला तरी परातीवर काम निभतं. तासाभरानं कापड उलटं करा. काम संपलं की कडा आत घेत त्याची घडी घालून कचऱ्याच्या पिशवीवर झटका; वाळल्यावर झटकलंत तर सगळं पुन्हा हवेत. फक्त कापडावर पडलेला गळ तसाच ठेवू नका, रात्रीत तपकिरी होतो.

मॅराबूसाठी बोटं ओली लागतात. पण बोट जिभेला लावायची सवय लागली असेल तर ती सोडा. कातड्यांवर बोरॅक्स असतो, पिसांवर रंग, आणि शिशाची तार त्याच बोटांनी गुंडाळलेली असते. बँकेत कॅशिअरच्या टेबलावर नोटा मोजायला जो ओल्या स्पंजचा डबा असतो, तो स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. तो परातीच्या उजव्या बाजूला ठेवायचा.

वूली बगर या फ्लायची शेपटी बांधताना क्रम असा. पीस देठाकडून धरा, तळाची भुरभुरीत लव ओरबाडून ओल्या कापडावर सोडा, हवेत नाही. अंगठा आणि तर्जनी स्पंजवर एकदा टेकवा, पिसाच्या बुडापासून टोकापर्यंत एकदाच ओढा. पीस पेन्सिलीसारखं बारीक होईल. आता गळाच्या दांड्याइतकी शेपटी मोजा, डाव्या चिमटीत पक्की धरा, दोऱ्याचे दोन सैल आणि मग चार घट्ट वेढे. उरलेलं टोक दांड्याला समांतर धरून त्यावरच दोरा नेलात तर अंगही एकसारखं होतं आणि कापायला काही उरत नाही. जे कापलंच नाही त्याचा पसाराही नाही. पीस एकदाच ओढायचं याला कारण आहे: कोरड्या बोटांनी पुन्हा पुन्हा कुरवाळलं की तुम्हीच त्याला चार्ज देता. टोक फिसकारलेलं दिसलं की माणूस आणखी कुरवाळतो, पीस आणखी फिसकारतं. एक ओला हात, बस्स.

हरणाच्या केसांत निम्मा दोष स्टॅटिकचा नसतोच. केसांच्या मुळाशी आतली लोकरी लव असते, ती राहिली की केस एकमेकांत गुंततात आणि स्टॅकरमध्ये गठ्ठा होऊन अडतात. बारा-चौदा नंबरच्या गळावरच्या कॅडिस फ्लायसाठी आगकाडीच्या दुप्पट जाडीची जुडी कापा, टोकांकडून घट्ट धरा आणि मुळांकडून विंचरा. फणी लाकडी किंवा धातूची, प्लास्टिकची कधीच नाही. उवांसाठी मिळते ती बारीक दात्यांची स्टीलची फणी याला इतकी योग्य आहे की दुसरं काही शोधूच नका. तीन-चार फटक्यांत लव निघते. तिची बोटांनी गोळी करा, डबिंगला उपयोगी. जुडी तिसऱ्या हिश्शानं बारीक झाली तर नीट विंचरलंत.

मग टोकं खाली करून स्टॅकरमध्ये सोडा आणि लाकडी पाटावर आठ-दहा वेळा ठोका. सनमायकावर ठोकलं तर आवाजच जास्त. केस अजूनही भिंतीला चिकटत असतील तर नळीत तोंडानं एकदाच ‘हा’ करा, चष्म्यावर करतो तसं, आणि पाच सेकंद थांबून ठोका. दोनदा-तीनदा केलंत तर वाफेचं पाणी होऊन केस आता ओलाव्यानं चिकटतील. लक्षण तेच, कारण उलटं. स्टॅकर प्लास्टिकचा असेल तर पितळी घ्या, आणि नळी रुंद असावी. अरुंद नळीत जास्त केस कोंबणं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. केस परदेशातून आलेल्या व्हाइटटेल हरणाचे घ्या. चितळ-सांबराचे केस कुणी ‘गावाकडून’ आणून देतो म्हणत असेल तर हात लावू नका, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे ते प्रकरण अंगाशी येतं.

कंडिशनरला जागा आहे ती इथे: अवजारांवर. त्यातली रसायनं पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि हवेतला ओलावा धरून ठेवतात, म्हणून चार्ज निघून जातो. पाव लिटर पाण्यात एक चहाचा चमचा कंडिशनर, कपड्याचा बोळा त्यात बुडवून पिळून स्टॅकरची आतली बाजू, प्लास्टिकचे खण, डब्यांची झाकणं, टेबल पुसा आणि पूर्ण वाळू द्या. आठवडाभर पुरतं. पिसांना तेच लावलं तर तीच रसायनं पाणीही ओढतात. हिमाचलच्या ट्राउटसाठी बांधलेली ड्राय फ्लाय तरंगायलाच हवी. कंडिशनरचं हॅकल वाटीभर पाण्यात टाकून बघा, साध्याच्या आधी बसेल. सीडीसीला तर कधीच नाही, बदकाच्या शेपटीजवळच्या ग्रंथीभोवतालची ही पिसं, त्यांचं तेल आणि बारीक रचना हीच त्यांची किंमत. महासीरसाठीचे मोठे स्ट्रीमर, झोंकर, वूली बगर हे बुडायचेच असतात. त्यांच्या मॅराबूला किंवा सशाच्या पट्टीला शेवटच्या खळबळीत दोन थेंब चालतील, पण बोटं ओली करून काम होत असताना ती तरी कशाला?

झाबुआचा कडकनाथ जवळ असल्यानं काहीजण त्याची मानेची काळी पिसं कोंबडीवाल्याकडून आणतात. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच्या मांसाला, पण पिसंही बगरच्या अंगावर छान बसतात. ती आधी धुवावी लागतात, नाहीतर त्यांची धूळ टेबलभर. कोमट पाणी, थोडा सौम्य शाम्पू, तीन पाण्यांत खळबळ, आणि सावलीत जुन्या पिलोकव्हरमध्ये बांधून सुकवणं. हेअर ड्रायर नको. वाऱ्यात घासली जाऊन ती पिशवीभर चार्ज घेऊनच बाहेर येतात, आणि कडकडीत सुकलेलं पीस काड्याकाड्यांनी तुटतं.

डबिंगमध्ये कृत्रिम धागे जास्त त्रास देतात. अँट्रॉनसारखा धागा मांजरीच्या पाठीसारखा उभा राहतो. लोक मिक्सरच्या छोट्या भांड्यात रंग मिसळतात. कोरडं फिरवलं की सगळं झाकणाला चिकटतं. त्यापेक्षा कुत्र्याचे केस विंचरायचे दोन तारेचे ब्रश घेऊन त्यांच्यात चिमूटचिमूट मिसळा. जास्त करायचं असेल तर झाकणाच्या बरणीत कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, त्यात सगळे रंग, मिनिटभर हलवा, गाळणीत ओता, दोन पाणी घाला, कागदावर सुकवा. एकजीव मिसळतं आणि एक धागा उडत नाही. दोऱ्यावर लावताना डबिंग तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मं घ्या, दोऱ्यालाच थोडं मेण फिरवा. मेणाचा दोरा असेल तर तेही नको. दोऱ्यांत जेल-स्पन पॉलिथिलीनचा दोरा सिरॅमिक नळीच्या बॉबिनमधून ओढताना चार्ज घेतो. हरणाचे केस फिरवायला तो ताकदीसाठी हवाच, पण चौदा नंबरच्या निंफला (पाण्याखाली बुडणाऱ्या छोट्या फ्लायला) ७० डेनिअरचा मेणवलेला पॉलिएस्टर पुरतो.

मडलर फ्लायसारखं हरणाच्या केसांचं डोकं कातरताना जो केसांचा पाऊस पडतो, त्याला परातही कमी पडते. दोन गोष्टी करा. आधी केटलीच्या वाफेवर फ्लाय चिमट्यानं दहा-पंधरा सेकंद फिरवा. दबलेले केस उभे राहतात, ब्लेड सरळ जातं आणि चार्ज मरतो. मग मोठी पारदर्शक पॉलिथिनची पिशवी घ्या, दोन्ही हात आत घालून आतच कातरा. पॉलिथिन आपला वैरी आहे हे खरं, पण इथे त्याचाच फायदा: जे कातरण उडेल ते पिशवीच्या भिंतीला चिकटेल. पिशवी आतून बाहेर उलटायची नाही, तशीच गाठ मारून टाकायची.

डोक्याचं सिमेंट आणि यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशात घट्ट होणारं) शेवटी. एकेक फ्लाय पूर्ण करण्यापेक्षा सहा फ्लाय दोऱ्याच्या गाठीपर्यंत आणा, कापड उलटं करा, हात धुवा, आणि मग सहाही डोक्यांना एकदम लावा. ओल्या रेझिनवर तरंगती लव बसली की ती कायमची. ओल्या बोटांनी काम केलं असेल तर सिमेंटआधी दहा मिनिटं सुकू द्या. ओलसर डोक्यात ते मुरत नाही. सिमेंटमध्ये किंवा नेलपॉलिशमध्ये असलेली द्रावणं पेट घेतात, त्यामुळे हीटर तेवढा वेळ बंद आणि खिडकी उघडी. अल्कोहोल असलेल्या अँटिस्टॅटिक फवाऱ्यालाही हाच नियम.

आईंच्या दृष्टीनं पिसापेक्षा गंभीर आहे तो गळ. पोह्यातलं पीस दिसतं, फरशीवरचा सोळा नंबरचा गळ दिसत नाही, तळपायाला सापडतो. म्हणून गळ पाकिटातून मोजून काढा: सहा फ्लायना सहा गळ, लोखंडी झाकणात, झाकणाखाली लोहचुंबक. उठताना तयार सहा मोजा. पाच भरले तर शोधल्याशिवाय उठू नका. जुन्या स्पीकरचं गोल चुंबक पिशवीत घालून फरशीवरून फिरवा. गळ पिशवीला बाहेरून चिकटतील, पिशवी उलटली की आत बंद. पितळी मणी चुंबकाला लागत नाहीत, त्यांच्यासाठी व्हॅक्यूमच्या तोंडाला जुना पायमोजा बांधा. तुटलेले गळ, ब्लेड, शिशाच्या तारेचे तुकडे औषधाच्या रिकाम्या डबीत साठवून, डबी टेपनं बंद करून कचरागाडीच्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात. सुक्या कचऱ्यात टाकलंत तर पुढे कुणीतरी ते हातानं वेगळं करतं.

आणि कामाचं वेळापत्रक थोडं उलटं करा. हिमाचलमध्ये ट्राउटचा हंगाम १ मार्चला उघडतो, म्हणून सगळे डिसेंबर-जानेवारीत बांधायला बसतात, म्हणजे नेमके जॅकेट आणि हीटरच्या दिवसांत. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. तेव्हा गळ पाण्यात जात नाही, हवेत ओलावा भरपूर असतो, आणि हरणाचे केस स्टॅकरमधून आपोआप ओघळतात. मडलर, कॅडिस, मॅराबूचे सगळे स्ट्रीमर तेव्हाच संपवा. थंडीत निंफ आणि दोऱ्या-तारेच्या फ्लाय करा, त्यांत उडण्यासारखं काही नसतं.

पावसाळ्यात सामानाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालाव्या लागतात, नाहीतर कातड्यांना बुरशी येते. पण त्या ऑक्टोबरमध्ये काढायला बहुतेक जण विसरतात. मग त्या पुड्या पिसांतला उरलासुरला ओलावा शोषत राहतात आणि डिसेंबरात डबा उघडला की पीस उडी मारूनच बाहेर येतं. तुमच्या डब्यांत आत्ता त्या असतील तर काढा आणि रात्रभर झाकण उघडं ठेवून त्या खोलीत ओला पंचा टाका. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या हव्याच असतील तर कागदात गुंडाळून, कडक पारदर्शक प्लास्टिकला लागणार नाहीत अशा ठेवा. पॉलिस्टायरीनचे डबे त्यांनी चिकट होतात, आणि त्या चिकटपणावर लव बसली तर ती ओल्या कापडानंही निघत नाही.